‘डिस्कस’पुढचा ‘अबाउट’

आमच्या वेळी मराठी माध्यमात इंग्रजी पाचवीपासून सुरू होत असे. तोवर मराठीच्या विभक्ती अंगी मुरलेल्या असत, आणि इंग्रजीतल्या आमच्या बऱ्याचशा चुका तिथूनच येतात, हे नववीला इंग्रजी शिकवणाऱ्या सरांनी दाखवून दिले.

सहलीवरील निबंधात मी ‘वी रीच्ड टू खडकवासला’ आणि ‘वी डिस्कस्ड अबाउट द पानशेत फ्लड’ असे लिहिले होते. सरांनी मला फळ्यापाशी बोलावून दोन्ही वाक्ये मराठीत लिहायला लावली आणि ‘खडकवासल्याला’मधला ‘ला’ व ‘१९६१च्या पुराविषयी’मधला ‘विषयी’ यांभोवती खडूने गोल काढले. हे दोघे मराठीचे आहेत, त्यांना मराठीतच राहू द्या, असे ते म्हणाले. ‘डिस्कस’ हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदावरून आला, त्याचा अर्थ हलवून सुटे करणे. तेव्हा ज्याची चर्चा करायची तो विषय त्याचे थेट कर्म होतो आणि मध्ये कोणी लागत नाही. ‘डिस्कशन’ हे नाम झाले, की मात्र ‘अबाउट’ चालतो. ही पुस्ती मी त्या दिवशी नीट ऐकली नसावी, कारण पुढे नोकरीत कित्येक वर्षे मी तिथलाही ‘अबाउट’ खोडत असे.

‘लिसन’चे याच्या उलट. आपण गाणे ऐकतो, प्रत्यय काहीच नाही. म्हणून ‘टू’ आम्हाला कधी सुचतच नसे.

सर्वांत रंगला तो ‘शी’. ‘तिच्याशी लग्न’ म्हणून आम्ही ‘मॅरीड विथ’ लिहीत असू. सर सांगत, नुसत्या ‘मॅरी’ला काही नको आणि ‘मॅरीड’ला ‘टू’ हवा. मागच्या बाकावरील एकाने वर्तमानपत्रातील ‘मॅरीड विथ थ्री चिल्ड्रन’ पुढे केले, तेव्हा सर मनापासून हसले आणि म्हणाले, “अरे, हा ‘विथ’ बायकोचा नाही, मुलांचा आहे.”

गेल्या वर्षी मुलीच्या लग्नाची इंग्रजी पत्रिका पेठेतल्या एका छापखान्यात दिली, तर मुद्रितात ‘गेटिंग मॅरीड विथ’ आले. मी त्याला गोल केला. “काका, सगळे असंच छापतात,” असे म्हणत त्या मुलाने ‘टू’ केला खरा, पण पुढच्या मुद्रितात जावयाच्या नावाचे स्पेलिंग चुकवून ठेवले.