आमची वाटचाल : एका आण्यापासून दहा रुपयांच्या पुडीपर्यंत

एका आण्याची चहापूड, पैशाची हळद, छटाकभर साखर असं गिऱ्हाईक मागायचं, त्या काळात आमचं किराणा-भुसार दुकान सुरू झालं. साल १९५४. रुपयाचे आणे १६ आणि पैसे ६४. वजन ८० तोळ्यांच्या पक्क्या शेराचं. स्वस्ताईच्या गप्पा निघाल्या की सगळे भाव आठवतात. गल्ल्यावर बसणाऱ्याला त्याहून मोलाचं वाटतं ते असं, की मुठीत जे नाणं असेल त्याचा माल मिळायचा.

१ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, पण पाव पैशाचं नाणं कुठलं? सरकारी तक्त्यात एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीनचे १९ आणि चारचे २५ ठरले. जुन्या एका पैशाचे मात्र २ धरायचे. म्हणजे एकदम आण्याची हळद नेणाऱ्याला ६ पडत आणि तीच हळद पैशा-पैशाने चारदा नेणाऱ्याला ८. रोजंदारीवरच्या घरांना हा फटका बसू नये म्हणून त्यांची किरकोळ खरेदी वहीत मांडून आणा भरला की हिशेब करायची रीत आमच्याकडे पडली.

पुढे ग्रॅम-किलो आले, १९६२ मध्ये सक्तीचे झाले. छटाक ५८ ग्रॅमचा, त्या जागी आलेलं वजन ५० ग्रॅमचं. तेव्हा दरही सातव्या हिश्शाने उतरवायला हवा होता. पावशेराचं उलटं: २३३ ग्रॅमचे २५० झाले.

लहान पुडीत खरी कसोटी काट्याची असते. ५० ग्रॅम जिऱ्याच्या पुडीला कागदच ५ ग्रॅमचा असेल तर गिऱ्हाइकाचा दहावा हिस्सा गेला. म्हणून दुसऱ्या पारड्यात तेवढाच कागद टाकून आधी धडा करायचा. इलेक्ट्रॉनिक काट्यावर कागद ठेवून आकडा शून्यावर आणायचा, मग माल. दुकानदाराचं नुकसानही इथेच होतं: ५० किलोच्या साखरेच्या पोत्यातून ५० ग्रॅमच्या हजार पुड्या निघतात, दर पुडीला एक ग्रॅम जास्त गेला की किलोभर साखर गेली. लोखंडी वजनं पालथी करून बघावीत. बुडाच्या खाचेत शिसं भरलेलं असतं आणि तपासणीचा छाप त्यावरच मारतात. शिसं सैल झालेलं किंवा उकरलेलं दिसलं तर ते वजन बाजूला ठेवायचं.

पुडी बांधताना कागदाचा शंकू वळायचा, टोक दोनदा मुडपायचं, पाऊण भरायचं, तोंड आत दुमडून दोऱ्याचे आडवे-उभे वेढे. काठोकाठ भरलेली पुडी दुमडीपाशी फाटते. मिरचीपूड दुहेरी कागदात, नाहीतर घडीतून झिरपते. पावसाळ्यात गूळ पाझरतो, साखर ओल धरते. या दोन्ही पुड्या आधी बांधून ठेवू नयेत, मागतील तशा बांधाव्यात. चहापुडीशेजारी हिंग कधीच नको. छापील रद्दीत खाद्यपदार्थ बांधायला २०१८ च्या नियमांनी मनाई झाली, तेव्हापासून कोरा खाकी कागद. तो महाग पडतो, तरी नियम चांगला आहे. शाई पोटात जाण्याचं काही कारण नव्हतं.

नाणी गेली तशी किमतीची पायरी उंच झाली. चार आण्याचं नाणं ३० जून २०११ पासून चलनातून गेलं. आठ आणे कायद्याने चालतात, पण काउंटरवर कोणी घेत नाही. काडीपेटी २००७ मध्ये पन्नास पैशांची एक रुपयाची झाली आणि डिसेंबर २०२१ मध्ये थेट दोन रुपयांची. काड्या ३६ च्या ५० केल्या, कारण मधली किंमत द्यायला नाणंच उरलं नव्हतं. बिस्किटवाले पाच रुपये तसेच ठेवून पुड्याचं वजन उतरवत राहिले.

आम्ही दहा रुपयांची पुडी चालू ठेवली आहे, आणि ती पुढेही राहील. किलोला ४०० चा भाव असेल तर दहा रुपयांत २५ ग्रॅम. पाकीटबंद मालात हे परवडत नाही, सुट्ट्यात परवडतं. हळद, जिरं, मोहरी, चहापूड, तूरडाळ: पुडीला दर किलोच्याच हिशेबाने, कागदाचे पैसे वेगळे नाहीत. भाव बदलला की त्या दिवशी फळ्यावर किलोचा दर आणि दहा रुपयांत किती ग्रॅम, दोन्ही आकडे लिहिले जातात.