करबुड्याचा बोगदा खोलीत बसवताना

खोलीत कोकण रेल्वेची छोटी प्रतिकृती उभारताना पानवल नदीवरचा पूल करायचा, असे मी आधी ठरवले होते. रत्नागिरी आणि निवसर यांच्यामधला हा पूल ६४ मीटर उंच आणि ४२४ मीटर लांब आहे, आणि कोकण रेल्वेची प्रतिकृती करायला निघालेल्या कोणाचीही नजर पहिल्यांदा त्याच्यावरच जाते. एचओ मापात, म्हणजे १:८७ या प्रमाणात, त्याची उंची साधारण ७४ सेंटिमीटर आणि लांबी ४.८७ मीटर भरते. मागच्या पडवीला लागून असलेली माझी खोली मात्र साडेचार मीटर बाय तीन मीटर होती. पूल आखूड करून बसवणे शक्य होते, पण त्याचे सौंदर्यच त्या लांब, सरळ रेषेत आहे आणि ते मोडायला माझे मन धजेना.

त्याऐवजी मी भोके स्थानक निवडले. भोके आणि उक्षी यांच्यामध्ये करबुडे बोगदा आहे. सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीचा हा बोगदा प्रमाणात काढला तर ७५ मीटर होतो, पण पुलाची लांबी डोळ्यांना दिसते आणि बोगद्याची दिसत नाही, हा फरक माझ्या कामाचा ठरला. गाडी बोगद्याच्या तोंडात शिरते, १:५० च्या उतारावरून टेबलाच्या खाली दहा सेंटिमीटरवर असलेल्या चार छुप्या रुळांपैकी एकावर जाऊन उभी राहते आणि योग्य वेळी परत निघते. प्रत्यक्ष मार्गावर चढ १:१५० पेक्षा तीव्र नाही, त्यामुळे माझा हा उतार खोटा आहे. तो कोठूनही दिसणार नाही याची काळजी मी घेतली.

तडजोडी आणखीही कराव्या लागल्या. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, म्हणजे या प्रमाणात १९.२६ मिलिमीटर, आणि बाजारात मिळणारा एचओ रूळ १६.५ मिलिमीटरचा असतो. रूळ स्वतः घडवण्याचे कौशल्य माझ्याकडे नसल्यामुळे पावणेतीन मिलिमीटरची ती उणीव मी स्वीकारली. काळ २००५ च्या सुमाराचा धरला, म्हणजे विजेचे खांब आणि तारा नाहीत, डिझेल इंजिने आणि निळे आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या बनावटीचे) डबे आहेत. असा एक डबा साडेचोवीस सेंटिमीटरचा होतो. अठरा डब्यांची गाडी जवळजवळ साडेचार मीटर, म्हणजे खोलीएवढीच भरली असती, म्हणून मी गाडीला सात डबे ठेवले आणि लूप लाइनही, म्हणजे स्थानकात गाडी बाजूला उभी करण्याचा रूळही, तेवढीच केली. वळणे ७६ सेंटिमीटर त्रिज्येची आहेत. त्याहून तीव्र वळणावर हे लांब डबे रुळाबाहेर इतके डोकावतात की पाहवत नाही.

पहिला पाऊस फार महागात पडला. साध्या प्लायवूडच्या पट्ट्या जुलैत फुगल्या, दोन ठिकाणी रूळ वर उचलला गेला आणि गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या एका सांध्याची जीभ बाजूच्या रुळाला नीट टेकेना. ते सगळे उखडून मी मरीन प्लाय आणला, तो कापल्यावर त्याच्या कडांसह चारही बाजूंनी वॉर्निश केला आणि रुळांच्या जोडांमध्ये बारीक फट ठेवली. विजेची जोडणीही तेव्हाच बदलली. आधी मी रुळाचे तुकडे जोडणाऱ्या जोडपट्ट्यांवर विसंबलो होतो, पण खाऱ्या दमट हवेत त्या लवकर काळ्या पडतात आणि इंजिन अडखळते. आता प्रत्येक रुळाच्या तुकड्याला खालच्या जाड तारेवरून स्वतंत्र तार डाखून दिली आहे. नियंत्रण डिजिटल असल्यामुळे रुळांत वीज कायम असते आणि प्रत्येक इंजिन त्याला दिलेल्या क्रमांकाचाच हुकूम ऐकते. त्याशिवाय एकाच स्थानकात दोन गाड्या हाताळणे फार किचकट झाले असते. तारा जोडून झाल्यावर दर हातभर अंतरावर दोन्ही रुळांवर नाणे ठेवून पाहिले. नाणे ठेवताच यंत्राने वीज तोडली पाहिजे; जिथे ती तुटत नाही तिथली जोडणी कच्ची आहे, असे समजावे.

डोंगरकापणीचा रंग खरा दिसावा म्हणून घराच्या गडग्यातून पडलेला जांभा मी कुटून, कापडातून चाळून वापरला. रंग हुबेहूब आला. आठ दिवसांनी एका इंजिनाची मोटार घरघर करू लागली. उघडून पाहिले तर आत लालसर भुकटी चिकटली होती, कारण जांभ्यात लोह असते आणि मोटारीतले चुंबक त्यातले काही कण ओढून घेते. तेव्हापासून कोणतीही माती किंवा खडी पसरण्यापूर्वी मी तिच्यावरून कागदात गुंडाळलेले चुंबक फिरवतो, आणि पसरल्यावर ती पातळ गोंदाने पक्की बसवतो.

गाड्या चालवायला लागल्यावर मात्र निराशा झाली. त्या गोल फिरत होत्या, आणि त्यात कोकण रेल्वे कोठेच नव्हती. रेल्वेतून निवृत्त झालेले आमचे शेजारी काका एका संध्याकाळी बघायला आले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "अरे, एकेरी लाइन आहे ना ही? मग क्रॉसिंग कुठे आहे?" एकेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्या स्थानकातच एकमेकींना ओलांडतात, त्याला क्रॉसिंग म्हणतात. त्यांनीच आम्हाला लाइन क्लिअर, म्हणजे गाडी पाठवायला पुढच्या स्थानकाची परवानगी, मागण्याची आणि देण्याची शिस्त लावली. आता पुतण्या उक्षी सांभाळतो, काका भोके सांभाळतात आणि मी गाडी चालवतो. समोरून येणारी गाडी आत येऊन पूर्ण थांबेपर्यंत दुसरीला आत घ्यायचे नाही, असा आमचा नियम आहे. घड्याळ चौपट वेगाने चालते. ताशी ८० किलोमीटरने बोगदा पार करायला खऱ्या गाडीला पाच मिनिटे लागतात, म्हणून आमची गाडी छुप्या रुळावर सव्वा मिनिट थांबते, आणि तेवढा वेळ खोलीत कोणीही बोलत नाही.

१९९९ मध्ये कोलाड आणि वेर्णा यांच्यामध्ये सुरू झालेली रो-रो सेवा, म्हणजे भरलेले ट्रक रेल्वेने वाहून नेण्याची सेवा, मला माझ्या मार्गावर हवीच होती. सपाट वॅगनींवर चढवलेले अकरा ट्रक मी जाड पुठ्ठ्याचे केले, त्यांच्या ताडपत्र्या पातळ टिश्यू कागदाच्या आहेत. गेल्या रविवारी मांडवी एक्सप्रेस लूपवर घेऊन मी थांबलो होतो. काकांनी सिग्नल दिला, सव्वा मिनिट सरले, बोगद्याच्या तोंडाशी इंजिनाचा दिवा दिसला आणि ते अकरा ट्रक एकामागून एक भोक्यातून पुढे गेले. शेवटची वॅगन सांध्यापलीकडे गेल्यावर पुतण्याने वहीत वेळ लिहिली आणि मांडवीला लाइन क्लिअर दिले.