आठव्या दिवसाची संध्याकाळ

आमच्या गल्लीच्या गणेश मंडळात आठव्या दिवशी स्पीकर बंद असतो. भुसावळात हे सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. त्या दिवशी आरती झाली की मांडवात सतरंज्या पडतात आणि रेल्वेतून निवृत्त झालेली माणसं एकेक करून बोलायला उठतात. ड्रायव्हर, गार्ड, फिटर, खलाशी, पॉइंट्समन आणि त्यांच्या घरच्या बायासुद्धा. दीपप्रज्वलन, सत्कार, शाल-नारळ हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत आटोपतं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. खरी संध्याकाळ त्यानंतर सुरू होते.

मी लग्न होऊन या गल्लीत आले ती अमळनेरहून. माहेरी रेल्वेत कोणी नव्हतं. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या शिट्टी ऐकून कोणती गाडी कोणत्या लाइनीवर आली ते सांगणारी माणसं मी इथेच पाहिली. पहिल्या वर्षी आठव्या दिवशी एका गार्डबाबांनी पावसाळी रात्री मालगाडी राखायची म्हणजे काय ते सांगितलं, आणि घरी येऊन मला कितीतरी वेळ झोप लागली नाही. तेव्हापासून मी ही संध्याकाळ एकदाही चुकवलेली नाही. पुढे मंडळाचा जमाखर्च माझ्याकडे आला, तोही बहुधा त्यामुळेच.

पण सगळ्यात जास्त आठवते ती २०१९ची संध्याकाळ. त्या वर्षी आम्ही आरासीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली लोकोशेड, म्हणजे रेल्वे इंजिनांची शेड, उभी केली होती.

कल्पना फिटरकाकांची. त्यांची अर्धी नोकरी वाफेच्या इंजिनांवर गेली, उरलेली इलेक्ट्रिकवर. जूनमधल्या बैठकीत कोणी केदारनाथ म्हणत होतं, कोणी गुहा म्हणत होतं. काका शेवटी उठले आणि म्हणाले, "लढाईच्या वेळची शेड करू. १९४३ची. तेव्हा शेड रात्री पण झोपत नव्हती." मग त्यांनी भिंतीवर खडूने नकाशा काढला. मुंबई बंदरात उतरलेलं सैन्य नि सामान देवळालीच्या छावणीवरून, मनमाड-जळगाव करत भुसावळला यायचं. इथून एक वाट खंडवा, इटारसी, जबलपूरकडून कलकत्त्याला, म्हणजे ब्रह्मदेशच्या आघाडीकडे. दुसरी अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरकडे, आणि त्याच वाटेवर वर्ध्याजवळच्या पुलगावला १९४२ साली दारूगोळ्याचा मोठा डेपो झाला. तेव्हा ही जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे होती. मध्य रेल्वे हे नाव पुढे १९५१ साली आलं. हिंदुस्थानातली इंजिनं, डबे, उखडलेल्या शाखामार्गांचे रूळ मध्यपूर्वेकडे जहाजांनी चालले होते आणि इथे गाड्या तर वाढतच होत्या. म्हणून अमेरिकेहून नि कॅनडाहून नवी इंजिनं आली. काका बोलत होते आणि केदारनाथवाले गप्प बसून ऐकत होते.

एका पोराने मात्र स्पष्ट विचारलं, "इंग्रजांच्या लढाईची आरास आपण कायले करायची?" त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. उत्तर गल्लीतल्या निवृत्त शाळामास्तरांनी दिलं. त्यांनी खिशातून छोटं कॅलेंडर काढलं आणि म्हणाले, यंदा चतुर्थी २ सप्टेंबरला आहे, म्हणजे आठवा दिवस येतो ९ तारखेला. १९४२ साली याच ९ सप्टेंबरला नंदुरबारला शिरीषकुमार मेहता हा शाळकरी पोरगा हातात तिरंगा घेऊन गोळीला सामोरा गेला. आपल्याच खान्देशात. त्या शेडमध्ये राबणारी माणसंही आपलीच होती. दोन्ही गोष्टी एकाच मांडवात सांगू. यावर त्या पोराने आरासीची सगळी वायरिंग अंगावर घेतली, ती शेवटपर्यंत.

थर्माकोलवर २०१८च्या मार्चपासून बंदी होती आणि ती आली ते बरंच झालं. आम्ही प्लाय, पुठ्ठा, कागदाचा लगदा, माती आणि घरातल्या अडगळीवर काम केलं. फळी होती चोवीस फूट लांब, दहा फूट रुंद. माप ठरलं खऱ्या फुटाला पाव इंच. काकांना तेच माप ओळखीचं होतं आणि तोंडी हिशेबालाही सोपं. इंजिनाचं तोंड वळवायचं सत्तर फुटी गोल फिरणारं टर्नटेबल साडेसतरा इंचांचं. ब्रॉडगेजचे दोन रूळ साडेपाच फुटांच्या अंतरावर, म्हणजे आमच्याकडे दीड इंचाला किंचित कमी, पस्तीस मिलिमीटर. गंमत अशी की साडेपाच फूट उंचीचा माणूसही त्याच मापाचा होतो. मूर्तिकारभाऊंनी मातीची एकशे ऐंशी माणसं घडवली. प्रत्येक माणूस पक्का होण्याआधी ते त्याला रुळांत आडवं ठेवून बघायचे. डोकं एका रुळाला, पाय दुसऱ्या रुळाला टेकले की माणूस पास.

स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, आम्हा बायकांकडे होते. आइस्क्रीमची काडी साडेचार इंचांची. मधोमध कापली की सव्वादोन इंच, म्हणजे बरोबर नऊ फुटी स्लीपर. रुंदी मात्र जास्त होते, म्हणून उभी चिरायची. एका काडीचे चार. दोनशे फूट रूळ होता, त्याला चार हजार स्लीपर लागले. श्रावणातल्या दुपारी माझ्या ओट्यावर आम्ही नऊजणी कटर घेऊन बसायचो. कानबाईचे रोट झाले त्या आठवड्यात तेवढी सुट्टी घेतली. रूळ सायकलच्या स्पोकचे. बॉयलर दीड इंची पीव्हीसी पाइपचे, घुमट औषधाच्या बाटल्यांच्या झाकणांचे. राखेच्या खड्ड्यांसाठी दीपनगरच्या वीजकेंद्राची राख वापरली. ती विटांच्या कारखान्यातून एक गोणी मिळाली होती. कोळसा खराच, हातोडीने बारीक करून चाळलेला. तो चाळणाऱ्या दोन पोरींचे हात आरतीलाही काळेच असायचे, आणि त्यांना त्याचं कौतुक होतं.

काकांचा एकच हट्ट होता, अमेरिकन इंजिनाच्या बॉयलरखालून आरपार उजेड दिसला पाहिजे. त्या इंजिनांची चौकट जाड पोलादी पट्ट्यांची असते, पट्ट्यांच्या मधली जागा मोकळी, त्यामुळे बॉयलर हवेत उचलून धरल्यासारखा दिसतो. सुतारदादांनी केलेली पहिली चौकट बंद होती. काकांनी ती परत पाठवली. दुसरीही पाठवली. तिसऱ्या वेळी दादा स्वतः इंजिन घेऊन आले आणि फळीवर ठेवून मागे टॉर्च धरला. पुढची दोन चाकं, मधली आठ, मागची दोन आणि त्यांच्या वरून आलेला उजेडाचा पट्टा. काकांनी चष्मा काढून पुसला, "हं" म्हणाले आणि चहा सांगितला. त्यांच्याकडून एवढं मिळालं म्हणजे खूप मिळालं.

टर्नटेबलला मोटर लावायची नाही हेही त्यांनीच ठरवलं. इंजिन नेमकं मध्यावर उभं राहिलं, तोल साधला, की तेवढं मोठं धूड माणसं हाताने ढकलून फिरवायची. पोरांना हे कळायला हवं म्हणून मधली खीळ बारीक बेअरिंगवर बसवली. इंजिन इकडेतिकडे असलं की टेबल अडायचं, बरोबर मधे असलं की एका बोटाने फिरायचं. दहा दिवस त्या कोपऱ्यात पोरांची रांग हटली नाही.

एक साइडिंग, म्हणजे गाड्या उभ्या करायची बाजूची लाइन, आम्ही रिकामी ठेवली होती. तिथे स्लीपरच्या नुसत्या खुणा, रूळ उखडलेले, आणि बाजूच्या उघड्या वॅगनमध्ये तेच रूळ भरलेले. परदेशी पाठवलेल्या रुळांची ती आठवण. बघणारे पुष्कळ लोक विचारायचे, इथलं काम राहिलं का? मला ती जागा सगळ्या आरासीत सर्वांत आवडायची. युद्धकाळात दिव्यांना झाकणं घालायची पद्धत होती, म्हणून बल्बही सगळे खाली झुकवलेले. मांडवातले मोठे दिवे बंद केले की जमिनीवर उजेडाचे छोटे गोल आणि वर काळोख.

सहाव्या रात्री पाऊस मांडवाच्या शिवणीतून आत आला आणि दुरुस्ती-शेडचं लगद्याचं छप्पर बसलं. रात्री दोन वाजता कोणाला बोलावणं गेलं नव्हतं, तरी अकरा जणं आली. केस वाळवायची तीन मशीनं घरोघरून आली, सकाळच्या आरतीला छप्पर उभं. त्या पहाटे वरच्या घरातल्या मावशींनी फुणके नि कढी करून पाठवली.

आणि मग ९ तारीख. मास्तरांच्या नातीने शिरीषकुमारवर पाच मिनिटं भाषण केलं, कागद न बघता. सगळे उभे राहिले. त्यानंतर तीन निवृत्त माणसं बोलली, छान बोलली. माझे कान मात्र आजींकडे लागले होते.

आजी तेव्हा शहाऐंशी वर्षांच्या. त्यांचे वडील लढाईच्या काळात शेडमध्ये बॉयलरच्या कामावर होते. आजी दरवर्षी बोलायच्या आणि दरवर्षी जवळपास तेच सांगायच्या, आई भाकरी, ठेचा, कांदा फडक्यात बांधून द्यायची आणि दहा वर्षांची ही पोर तो डबा शेडच्या फाटकापर्यंत न्यायची. तरी दरवर्षी माझा गळा दाटायचा. त्या मोठ्या आवाजात बोलत नसत, हातवारे नसत. मधेच थांबायच्या आणि आम्ही सगळे थांबायचो.

त्या वर्षी त्यांना खुर्चीसकट उचलून आरासीजवळ नेलं. बराच वेळ त्या नुसत्या बघत राहिल्या. मग फाटकाजवळच्या टाइमकीपरच्या खोलीकडे बोट केलं. तिथे काकांनी नखाएवढा बोर्ड केला होता, त्यावर टाचण्यांचे खिळे आणि पितळेच्या पत्र्याचे टिकलीएवढे बिल्ले. आजी म्हणाल्या, "हा बोर्ड कोणी केला रे?" काकांनी हात वर केला. मग आजी जे बोलल्या ते त्या आधी कधीच बोलल्या नव्हत्या.

"मले आत जाऊ देत नव्हते. मी फाटकातून बोर्ड बघायची. कामावर आला की बिल्ला खिळ्याले, घरी निघाला की बिल्ला परत. बाबाचा बिल्ला लटकलेला दिसला की समजायचं, बाबा आत आहे, धड आहे. कधी दोन दोन दिवस लटकलेलाच. मिलिटरीच्या गाड्या लागल्या की सोडत नव्हते. मी डबा ठेवायची, बिल्ला बघायची अन् घरी जाऊन आईले सांगायची, आहे. एवढंच सांगायची, आहे."

मांडवात कोणी हललं नाही. मग त्यांनी काकांना विचारलं, "यातला बाबाचा कोणता?" काका खाली वाकले, नीट बघितल्यासारखं केलं आणि वरच्या ओळीतला एक बिल्ला चिमट्याने दाखवला. आजींनी मान हलवली.

हे ऐकायला त्या संध्याकाळी सत्तर माणसंही नव्हती. मला त्याचं वाईट वाटतं, ते मी लपवत नाही. पलीकडच्या चौकात मोठा आवाज होता आणि आमच्याच गल्लीतली निम्मी पोरं तिकडे होती. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेले दोन दिवसांसाठी आले, फोटो काढले आणि आठव्या दिवसाआधी परतले. आरास स्पर्धेचे परीक्षक टर्नटेबलजवळ दोन मिनिटं थांबले, बॉयलरखालून आरपार बघायला कोणी वाकलंच नाही. बक्षीस मिळालं नाही. काकांना त्याचं काही नव्हतं, मला आहे.

आता ज्यांनी केलं त्यांच्याबद्दल. आमच्या मंडळात नावं छापत नाहीत. एकदा पत्रिकेत एकाचं नाव राहिलं आणि ते घर दोन वर्षं आरतीला आलं नाही, तेव्हापासून हा नियम. म्हणून कामावरून लिहिते, ज्याचं त्याला कळेल. फिटरकाका आणि त्यांच्याबरोबर रोज मोजपट्टी धरून उभी राहणारी त्यांची सून. तीन चौकटी करणारे सुतारदादा. मूर्तिकारभाऊ आणि माणसांना कपडे रंगवणारा त्यांचा मुका भाचा. वायरिंगवाला पोरगा. स्पोक देणारा सायकल दुकानदार, पैसे घेतले नाहीत. पुठ्ठे देणारं मेडिकल. राखेची गोणी दुचाकीवर आणणारे दोघे. कोळसा चाळणाऱ्या पोरी. ओट्यावरच्या नऊजणी. यात कोपऱ्यावरच्या वहिनी होत्या, त्यांचा अंगठा कापला तरी दुसऱ्या दिवशी त्या आल्या. फुणके पाठवणाऱ्या मावशी. पावसाच्या रात्रीचे अकरा. शाळामास्तर नि त्यांची नात. बेअरिंग आणून देणारा गॅरेजवाला. रात्री मांडवात झोपणारे तिघे, त्यातला एक स्वतः ड्युटी करून यायचा. आणि चहावाला, त्याला मी जवळजवळ विसरले होते, दीड महिना त्याने हिशेब मागितला नाही, शेवटी मी मागून घेतला.

विसर्जनानंतर आरास सुटी केली. टर्नटेबल शाळेत गेलं, इंजिनं घराघरांत गेली. २०२०च्या गणेशोत्सवात गर्दी करायची नव्हती, आठव्या दिवशी सतरंज्या पडल्या नाहीत. आता आजींना जिना उतरवत नाही. पण तो नखाएवढा बोर्ड काकांनी काचेच्या डबीत बसवून ठेवला आहे. दरवर्षी आठव्या दिवशी आरतीच्या आधी मी आणि काका तो घेऊन आजींकडे जातो. त्या डबी खिडकीकडे धरतात, वरच्या ओळीत बोट फिरवतात आणि परत देताना म्हणतात, "आहे."