चारित्र्य पडताळणीत नाव अडकलं होतं, शेवटी सर्टिफिकेट मिळालं : माझा अनुभव

अठराच्या आत केस झालेली आणि आता कुठे स्वयंसेवक म्हणून किंवा नोकरीला जायचंय अशा पोरांसाठी लिहितोय. मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर खूप मनस्ताप वाचला असता.

माझी केस 2018 ची, पुण्यातली. वय सोळा, वस्तीतली मारामारी. बाल न्याय मंडळाने मला सामुदायिक सेवा दिली, सरकारी हॉस्पिटलात. काम काय तर म्हाताऱ्या माणसांना केस पेपर काढून द्यायचा, व्हीलचेअर ढकलत एक्स-रेपर्यंत न्यायचं. एक आजी औषधाची चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधून आणायच्या, ती गाठ त्यांना सुटायची नाही, मग माझ्यापुढे पदर धरायच्या, सोड म्हणायच्या. त्याआधी माझ्या हातात कोणी काही विश्वासाने दिलं नव्हतं. सेवेचे दिवस संपले तरी मी जातच राहिलो.

पुढे निरीक्षणगृहातल्या (केस चालू असताना अठराखालच्या पोरांना ठेवतात ते) पोरांना शिकवणाऱ्या एका संस्थेत नाव दिलं. त्यांनी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी मागितली, ते बरोबरच आहे, लहान मुलांचा प्रश्न आहे. ऑनलाइन अर्ज भरला, कागद जोडले, काही त्रास नाही.

अडलं ते पोलीस ठाण्यात. टेबलावरचे साहेब म्हणाले, "तुझं नाव आहे रेकॉर्डला, नाही होणार." मी म्हणालो साहेब केस निकाली निघालीय, ही ऑर्डर बघा. ऑर्डर हातातसुद्धा घेतली नाही. पुन्हा गेलो तर साहेब बंदोबस्ताला, पुन्हा गेलो तर वरून विचारावं लागेल, नंतर तर सगळ्यांसमोर मोठ्याने "काय केलं होतंस रे तेव्हा?" शेजारी पासपोर्टच्या कामाला आलेल्या बाई पर्स जवळ ओढून बसल्या. त्याचा राग मला अजून येतो आणि यायलाच पाहिजे, कारण साहेब जे करत होते ते कायद्यातच बसत नाही. बाल न्याय कायदा 2015, कलम 74 : मुलाची नोंद पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठी उघड करायचीच नाही. नोंद ठाण्यात पडून असली तरी ती सांगायची नाही. आणि कलम 24 म्हणतं की त्या केसमुळे पुढे कुठलीही अपात्रता लागत नाही. अपवाद आहे तो सोळा ते अठरा वयात घोर गुन्ह्यात (कमीत कमी सात वर्षं शिक्षेच्या) मोठ्यांसारखा खटला चालला त्यांचा, बाकीच्यांनी घाबरायचं कारण नाही.

हे मला माझ्या जुन्या परिविक्षा अधिकारी (केसमधल्या मुलावर देखरेख ठेवणाऱ्या) मॅडमनी सांगितलं. त्यांनीच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पाठवलं, तिथे अटींत बसणाऱ्याला वकील फुकट मिळतो, हेल्पलाइन 15100. वकिलांनी दोन्ही कलमं टाकून वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावाने अर्ज लिहून दिला आणि बजावलं, तोंडी वाद घालू नको, नकार असेल तर लेखी मागायचा. लेखी म्हटल्यावर टेबलावरची भाषाच बदलली, "बस, चहा घेणार का?" सर्टिफिकेट आलं, आईने ते देवापुढे ठेवलं.

अर्जाची पोच घ्या हे वर राहिलं. शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय ठाण्यातून हलायचंच नाही. आणि फॉर्ममध्ये 'गुन्हा दाखल आहे का' हा प्रश्न असतो, तो भरायच्या आधी वकिलांना विचारा, मनाने लिहू नका.

आता दर शनिवारी निरीक्षणगृहात जातो. सुरुवातीला पोरं कॅरमवरून उठायची नाहीत. मी पण इथं राहिलोय म्हटल्यावर एकाने स्ट्रायकर खाली ठेवला आणि विचारलं, "दादा, मग पोलीस भरती होईल का आपली?" त्याला मी सांगितलं की सीआयएसएफच्या (केंद्राचं औद्योगिक सुरक्षा दल) एका उमेदवाराच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये लहानपणीच्या केसवरून नोकरी नाकारता येत नाही असं म्हटलंय. तो बाहेर आल्यावर पहाटे धावायला लागला, रविवारी माझ्याबरोबर हॉस्पिटललाही येतो, त्याच्या मागे त्याच्या गल्लीतली अजून पोरं यायला लागलीत. मला याचा फार अभिमान आहे.

मंडळाच्या ऑर्डरची प्रमाणित नक्कल केस संपल्या संपल्याच काढून ठेवा. नंतर ती मिळवायची म्हणजे परत सगळ्या खिडक्या फिरा.