आखाजीच्या आदल्या दिवशी प्रेस-ऑन नखं काढली, त्याची गोष्ट

चुलत बहिणीच्या लग्नात लावलेली प्रेस-ऑन नखं (आपल्या नखांवर चिकटवायची तयार प्लास्टिकची नखं) आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला माहेरी, अमळनेरला आले तरी बोटांवर होतीच. एरवी अजून काही दिवस मिरवली असती. पण खापरावरचा, म्हणजे पालथ्या मातीच्या भांड्यावर भाजायचा पुरणाचा मांडा हातावर फिरवत वाढवायचा असतो. नख लागलं की भोक, आणि पुरण खापरावर. शिवाय करंगळीचं नख कडेने सुटत आलं होतं. अशा फटीत पाणी साचून राहिलं तर खालचं नख हिरवट पडू शकतं, म्हणून ते परत चिकटवण्यात अर्थ नव्हता.

माझी नखं ग्लूची. चिकटपट्टीची असती तर कोमट पाण्यात थोड्याच वेळात निघाली असती. हा ग्लू सायनोअ‍ॅक्रिलेट असतो, फेविक्विकच्या जातीचा. ओढून काढायला गेलं की आपल्या नखाचा वरचा पापुद्राच सोबत येतो, आणि पांढरे खरखरीत डाग राहतात. हाताचं नख महिन्याला जेमतेम ३ मिमी वाढतं, म्हणजे ते डाग पूर्ण जायला जवळजवळ ६ महिने.

पातेल्यात सोसवेल इतकं गरम पाणी, थोडा शाम्पू आणि चमचाभर खोबरेल तेल घेतलं. ओसरीवर बोटं बुडवून बसले. आत्या येता-जाता विचारायची, "हाई काय करी ऱ्हायनी व माय?" पंधरा-वीस मिनिटांनी कडेला तेलाचा थेंब सोडला आणि लाकडी क्युटिकल स्टिक अगदी आडवी धरून बाजूने हळूच सरकवली. मुळाकडून नाही, टोकाकडून उचलूनही नाही. या कडेने थोडं, त्या कडेने थोडं. नख आपणहून हललं तरच पुढे जायचं, नाहीतर बोट परत पाण्यात. पाणी निवलं की बदलायचं, हे कंटाळवाणं आहे, पण तिथेच सगळं काम होतं.

दोन्ही अंगठे काही हलेनात. त्यांना अ‍ॅसिटोन लागलं. रिमूव्हर घेताना बाटली वाचून घ्या. अ‍ॅसिटोन नसलेल्याने नेलपेंट जातं, ग्लूला फारसा फरक पडत नाही. नखाभोवतीच्या कातडीला व्हॅसलीन, वर भिजवलेला कापूस, त्यावर फॉइल. आत आईचा गॅस पेटलेला, म्हणून हे सगळं अंगणात केलं. अ‍ॅसिटोनची वाफसुद्धा पेट घेते. प्लास्टिक विरघळून चिकट लगदा झाला, तो काडीने पुसून काढला.

उरलेल्या ग्लूवर लगेच बफर (नख घासून गुळगुळीत करायची कानस) मारायचा मोह आवरला. भिजलेलं नख मऊ असतं, तेही घासलं जातं. तासाभराने, पूर्ण वाळल्यावर, हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवला. मग नखं बारीक कापली आणि रात्री खोबरेल चोळलं.

पाण्यातून निघालेली आठ नखं धुऊन डबीत ठेवलीत, वहिनीने आत्ताच मागून ठेवली आहेत. तिला मात्र चिकटपट्टीवरच लावायला सांगितलंय.