नंबर बदलायला पाच खेपा

कोणी जुनं सिम बंद करणार असेल तर आधी एआरटी सेंटरवर (एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे) नवा नंबर टाकून घ्या, मग सिम सोडा. मी उलट केलं.

ड्युअल सिम होतं, जुन्याला रिचार्ज करणं सोडून दिलं. बंद झालेला नंबर कंपनी किमान ९० दिवस थांबून दुसऱ्याला देऊ शकते हे मला माहीतच नव्हतं. काउन्सेलर मॅडम म्हणाल्या, अहो तारखेची आठवण करायला फोन केला तर कुणी मुलानेच उचलला. माझे हातपायच गळाले. गेटबाहेर येऊन स्वतःचाच जुना नंबर लावला. तो म्हणाला, "मावशी, दवाखान्यातून येतो तो फोन तुमच्यासाठी का? मी राँग नंबर सांगितलं." कुठला दवाखाना म्हणाले, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मग सुरू झाल्या खेपा, दर खेपेला अर्धा दिवस कामाचा खाडा. पहिल्यांदा सिस्टीम बंद. दुसऱ्यांदा डेटावाले ट्रेनिंगला गेलेले. तिसऱ्यांदा म्हणे अर्ज लिहा, आधारची झेरॉक्स आणा, ती काढून येईपर्यंत खिडकी बंद. चौथ्यांदा घेतला अर्ज, पण नंबर फक्त माझ्या पुस्तकात पेनाने लिहिला, कॉम्प्युटरवर जुनाच राहिला आणि पुढचा फोन परत त्या मुलालाच गेला!! पाचव्यांदा मी सरळ सांगितलं, २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, माझ्या संमतीशिवाय माझी माहिती बाहेर जाता कामा नये, आणि तुमचे फोन परक्या माणसाला जातायत. दहाच्या दहा आकडे स्क्रीनवरून मोठ्याने वाचायला लावले आणि म्हटलं आत्ता इथूनच रिंग द्या. हातातला फोन वाजला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. तुम्हीही रिंग घेतल्याशिवाय उठू नका.

रोजच्या गोळीसाठी मात्र मी सेंटरच्या फोनवर अवलंबून नाही. रात्री साडेनऊचा अलार्म आहे, नाव ठेवलंय "विरजण". एका खोलीत आम्ही चौघं, फोन टीव्हीशेजारी चार्जिंगला, वाजला की पुतण्या ओरडतो, काकू, विरजण! मी उठते, कोमट दुधात चमचाभर दही घालते आणि ओट्याशीच गोळी घेते. चार वर्षांत एकही चुकलेली नाही, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) सापडत नाही इतका कमी आहे, याचा मला अभिमान आहे. फोनवर "औषध" किंवा "गोळी" असं कधी लिहू नका. आणि गुरुवारी माझ्यासारखीच एक मैत्रीण "कशी आहेस" एवढाच मेसेज टाकते, मी उत्तर देते. केनियात असाच आठवड्याला एक मेसेज आणि त्याला उत्तर, एवढ्यावर लोक गोळ्या जास्त नेमाने घेऊ लागले, तो अभ्यास २०१० मध्ये छापून आलाय. दक्षिण भारतात रेकॉर्ड केलेले फोन करून बघितले तर विशेष फरक पडला नाही. मला ते पटतं, माणूस विचारतं तेव्हा बरं वाटतं.

हो, एक राहिलं. टीएलडी (एचआयव्हीची तीन औषधं एकत्र असलेली गोळी) घेत असाल तर पित्ताचं अँटासिड गोळीनंतर दोन तासांनी घ्या, आधी घेतलं असेल तर गोळीला सहा तास थांबा. काही अडलं तर एड्स हेल्पलाइनला, १०९७ ला फोन करा, फुकट आहे.

त्या मुलाला मी परत फोन केला, म्हटलं आता येणार नाहीत रे फोन. "बरं मावशी, तब्येत बरी आहे ना?" हो म्हटलं, आणि नंबर डिलीट केला.