सौर अ‍ॅक्वापोनिक्ससाठी पंपाचा टायमर निवडताना: माझा अनुभव

अ‍ॅक्वापोनिक्स म्हणजे माशांच्या टाकीतलं पाणी पंपाने वाफ्यांत फिरवून त्यावरच भाजी वाढवणं. पुण्यात आमच्या गच्चीवर 500 लिटरच्या टाकीत सायप्रिनस (कॉमन कार्प) मासे आहेत. शेजारी 200 लिटरचा निळा ड्रम उभा चिरून केलेले दोन वाफे आहेत. त्यात काळ्या दगडाची खडी भरून पालक, पुदिना आणि टोमॅटो लावलेत. 100 वॉटचं पॅनल, 12 व्होल्ट 40 अँपिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी आणि 24 वॉटचा डीसी पंप, हे सगळं पटकन जमलं. टायमर ठरवायला मात्र मी भरपूर वेळ घेतला, आणि तो घ्यायलाच हवा असं माझं ठाम मत आहे.

टायमर लागतोच कशाला? मासे पाण्यात अमोनिया सोडतात. खडीला चिकटलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि ते झाडं घेतात. या जिवाणूंना ओल हवी तसा ऑक्सिजनही हवा. वाफा भरून पुन्हा रिकामा झाला की उतरणाऱ्या पाण्यामागून ताजी हवा खडीत शिरते. बरेच जण पंप सतत चालू ठेवतात आणि रिकामं करण्याचं काम बेल सायफनवर, म्हणजे वाफा भरला की पाणी आपोआप ओढून काढणाऱ्या नळीवर सोपवतात. पण 24 वॉटचा पंप चोवीस तास चालवायचा तर 576 वॉट-अवर लागतात, माझ्या बॅटरीला ते झेपणारं नाही. शिवाय बॅटरी उतरून पाण्याचा प्रवाह मंदावला की सायफन धड सुरूही होत नाही आणि धड तुटतही नाही. म्हणून मी साधा उभा पाइप लावला. त्याला तळाशी छोटं भोक आहे, पंप थांबला की वाफा त्यातून आपोआप रिकामा होतो.

पंप किती वेळ चालवायचा ते बादलीने ठरवलं. खोक्यावर ताशी 1000 लिटर छापलं होतं. वाफ्याच्या उंचीवर पाइप धरून मोबाइलचं घड्याळ लावलं, तर 20 लिटरची बादली भरायला अडीच मिनिटं लागली. म्हणजे ताशी 480 लिटर, छापलेल्याच्या निम्म्याहूनही कमी. दोन्ही वाफ्यांतल्या खडीच्या फटींत मिळून साधारण 80 लिटर पाणी मावतं. तळाच्या भोकातून जाणारं धरलं तरी 15 मिनिटांत वाफे काठोकाठ होतात. तेव्हा 15 मिनिटं चालू, 45 मिनिटं बंद हा सर्वत्र सांगितला जाणारा हिशेब माझ्याकडेही बसला.

हा हिशेब घेऊन विजेच्या सामानाची तापकीर गल्ली गाठली. पहिल्यांदा पुढ्यात आला तो पिनांचा मेकॅनिकल टायमर. त्याच्या चकतीवर 96 पिना असतात, एकेक पिन 15 मिनिटांची. वापरायला अगदी सुटसुटीत. पण तो 230 व्होल्ट एसीवर चालतो, म्हणजे इन्व्हर्टर आला. माझ्याकडचा छोटा इन्व्हर्टर नुसता चालू राहायला 8 वॉट खातो, म्हणजे दिवसाला 192 वॉट-अवर. पंपाने पाण्याचा थेंब उचलण्याआधीच एवढी वीज जाणार असेल तर तो पर्याय तिथेच संपतो. वायफायचे प्लगही त्याच कारणाने बाद.

"ताई, सायक्लिक घ्या. एकदा लावला की परत बघायला नको," दुकानदार म्हणाले. सल्ला चुकीचा नव्हता. चालू किती आणि बंद किती एवढंच सांगायचं, तो फिरत राहतो. फक्त दोन गोष्टी बघाव्या लागतात. पुरवठा गेला आणि परत आला तर तो चालूपासून सुरू होतो की बंदपासून, आणि 12 व्होल्ट त्याला चालतात का? विजेच्या कंट्रोल पॅनेलमध्ये बसणाऱ्या बऱ्याच टायमरवर 24 ते 240 व्होल्ट असं छापलेलं असतं. माझी अडचण वेगळी होती. सायक्लिकला दिवस आणि रात्र कळत नाही, आणि रात्री तासातासाला पंप चालवणं मला परवडत नव्हतं.

शेवटी डिजिटल घड्याळाचा टायमर घेतला, 12 व्होल्ट डीसीवाला. हुबेहूब तसाच दिसणारा 220 व्होल्टचाही मिळतो, त्यामुळे बाजूचं लेबल वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. चार्ज होताना बॅटरी 14.4 व्होल्टपर्यंत चढते, तेवढं त्याला सोसतं का तेही विचारून घ्या. या टायमरमध्ये दिवसाला चालू-बंदच्या 16 जोड्याच बसतात. तासाला एक म्हटलं तर 24 लागतात, म्हणून कित्येक जण तो बाजूला ठेवतात. मी कागद घेऊन मांडणी केली. सकाळी 6 ते संध्याकाळी 5 दर तासाला, अशा 12 जोड्या. मग संध्याकाळी साडेसात, रात्री दहा, एक आणि पहाटे साडेतीन. झाल्या बरोबर 16! पंप दिवसात चार तास चालतो, खर्च 96 वॉट-अवर. खडी ओली राहते, त्यामुळे रात्रीच्या अडीच-तीन तासांच्या खंडाने जिवाणूंचं बिघडत नाही.

टायमर ऑनवरून सरळ ऑटोवर आणला तर पुढची बंद वेळ येईपर्यंत पंप चालूच राहतो. म्हणून आधी ऑफ, मग ऑटो.

सगळ्यात कळकळीने सांगते ते एअर पंपाबद्दल. तो टायमरवर घालू नका. रात्री झाडं, मासे, जिवाणू सगळेच ऑक्सिजन घेतात आणि पहाटे पाण्यातला साठा सर्वांत कमी असतो. उन्हाळ्यात कोमट पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो. माझा 5 वॉटचा एअर पंप दिवसाला 120 वॉट-अवर घेतो, म्हणजे पाण्याच्या पंपापेक्षा जास्त, पण तो फ्यूज घालून थेट बॅटरीवर आहे. दोन्ही मिळून 216. बॅटरी निम्मीच वापरायची म्हटलं तर 240 हाताशी असतात. पाण्याचा पंप चार्ज कंट्रोलरच्या (पॅनल आणि बॅटरीच्या मधल्या नियंत्रकाच्या) लोड जोडणीवर आहे आणि तिथला तोडण्याचा आकडा 11.8 व्होल्टवर ठेवलाय. बॅटरी उतरली तर आधी पाणी थांबतं, बुडबुडे चालू राहतात. कंट्रोलरचं लोड चोवीस तासांच्या मोडवर आहे ना, तेही बघा. रस्त्यावरच्या दिव्यासारखं फक्त अंधारात चालू होण्याचा मोडही त्यात असतो.

जुलैत सलग ढग राहिले की मी रात्री दहाची आणि पहाटे साडेतीनची जोडी रिकामी करते आणि माशांचं खाद्यही कमी करते, म्हणजे अमोनियाही कमी होतो. ऊन पडायला लागलं की दोन्ही जोड्या परत भरते.